बॉडी बदललेल्या ट्रकचा विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रकच्या विम्याबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा अपघात झाल्यावरच विचारले जातात. क्रेनने ओढून आणलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी असते, सर्व्हेयर टेप लावून हौद्याची लांबी मोजत असतो आणि मालक बाजूला येऊन हळूच विचारतो, "फळ्या वाढवल्याचं कंपनीला कळवायला हवं होतं का?" पॉलिसीच्या कामात अनेक वर्षं असल्यामुळे माझ्याकडे असे प्रश्न साचत गेले. ते इथे मांडले आहेत. सगळे मालट्रक, टिपर, टँकर आणि पिकअप अशा माल वाहणाऱ्या गाड्यांचे आहेत, हौसेच्या जीपगाड्यांचे नाहीत.

बॉडी तर प्रत्येक ट्रकला नंतरच बांधतात. मग 'बदल' म्हणायचं तरी कशाला?

शोरूममधून नुसती चेसिस घ्यायची, ती बॉडीवाल्याकडे न्यायची आणि हौदा बांधून झाल्यावर आरटीओत पासिंग करायचं, याला कायदा बदल म्हणत नाही. ती पहिलीच बॉडी असते आणि तिच्यासकट गाडी नोंदली जाते. बदल सुरू होतो तो आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, हातात पडल्यावर.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा मथितार्थ असा : उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल, असा फेरफार मालकाने करायचा नाही. आता आरसी काढून बघा. बॉडीचा प्रकार, रिकामं वजन, मालासकट एकूण वजन, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर), इंधन, इंजिन नंबर, आसनसंख्या हे सगळं तिच्यात आहे. यातला एक आकडा किंवा एक शब्द जरी खोटा ठरला, तरी तुमची गाडी 'बदललेली' झाली. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचलं आणि मूळ तपशिलाबाहेरच्या फेरफाराला आरटीओने मान्यता देऊ नये असं सांगितलं.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ मालकावर रोखलेलं आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द नीट वाचा. फळ्या, अ‍ॅक्सल आणि इंजिन असे तीन बदल असतील तर मोजणी तीनदा होते.

काय चालतं आणि काय चालत नाही?

नक्षी, केबिनमधले पडदे, सीटची कव्हरं, देवाचा फोटो, मागचं 'पुन्हा भेटू' याने आरसीत काहीच बदलत नाही. चालतं. ताडपत्रीच्या कमानी काढून ठेवता येतात, त्याही बहुधा चालतात. त्यांच्यामुळे उंची मात्र वाढता कामा नये.

चेसिस कापून लांबवणं, व्हीलबेस बदलणं, उत्पादकाने त्या मॉडेलला न दिलेला जादा अ‍ॅक्सल बसवणं, दुसरंच इंजिन टाकणं आणि आरसीवर जुनाच नंबर ठेवणं, हे चालत नाही. हौद्याची रुंदी वाढवून २.६ मीटरच्या पलीकडे नेणं हा नियमांचा थेट भंग आहे. मागचा आणि बाजूचा गार्ड काढून टाकणंही त्यातच आलं. वर्कशॉपमध्ये 'खड्ड्यात घासतो' म्हणून गार्ड कापतात, फिटनेसच्या दिवशी पुन्हा वेल्डिंग मारतात. मागून मोटारसायकल आत घुसली की तोच कापलेला गार्ड पंचनाम्यात येतो.

मधल्या पट्ट्यात आधी मंजुरी घेऊन होणारे बदल येतात : उघड्या हौद्याचा कंटेनर करणं, टँकर करणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं.

चेसिसची पॉलिसी शोरूमनेच काढली होती. बॉडी नंतर साडेसहा लाखांना बांधली. तिचा विमा झाला ना?

कदाचित नाही. ही चूक इतकी सर्रास होते की नवा ट्रक घेतलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. चेसिस शोरूमबाहेर काढायला विमा लागतो म्हणून पॉलिसी त्याच दिवशी निघते आणि चेसिसच्या किमतीवर निघते. तमिळनाडूत नामक्कलला किंवा आपल्याकडेच कुठेतरी बॉडी बांधून दोन महिन्यांनी गाडी येते, पासिंग होतं, धंदा सुरू होतो. पॉलिसीत बॉडीच्या रकान्यापुढे शून्य तसंच राहतं.

मालट्रकच्या पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देऊ शकेल ती किंमत, चेसिस आणि बॉडी अशी वेगवेगळी लिहिलेली असते. बॉडीवाल्याचं जीएसटीचं पक्कं बिल घेऊन एंडोर्समेंट करून घ्या, म्हणजे त्याच पॉलिसीला दुरुस्तीचा कागद जोडून घ्या. कच्च्या पावतीवर बॉडी बांधून जे पैसे वाचतात, ते ट्रक दरीत गेल्यावर दामदुपटीने जातात.

ही किंमत दरवर्षी उतरते. पहिले सहा महिने ५ टक्के, वर्ष भरेपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून किंमत ठरवायची. जुन्या चेसिसवर नवी बॉडी बांधली असेल तर दोघांचं वय वेगळं धरावं, असा आग्रह धरा. नाहीतर आठ वर्षांच्या ट्रकवरची सहा महिन्यांची बॉडीही आठ वर्षांची समजली जाते.

सगळं सांगितलं तर हप्ता किती वाढेल?

वाटतो त्यापेक्षा कमी. हप्त्याचे दोन भाग वेगळे धरून हिशेब करू.

पहिला भाग थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. त्याचे दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत सारखेच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे, भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर १६,०४९ रुपये. ७,५०० ते १२,००० किलोला २७,१८६. १२,००० ते २०,००० ला ३५,३१३. २०,००० ते ४०,००० ला ४३,९५०. त्यापुढे ४४,२४२. हौदा उघडा आहे की बंद याच्याशी या भागाला देणंघेणं नाही, तो फक्त वजनाचा टप्पा बघतो. टप्पा बदलला तरच रक्कम बदलते. सगळ्यात मोठी उडी ७,५०० किलोच्या रेषेवर आहे, ११,१३७ रुपयांची. त्याच रेषेवर ड्रायव्हरच्या लायसन्सचाही सवाल असतो : हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याच्या वर नाही.

दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, ज्याला आपण 'ओडी' म्हणतो. २००२ च्या जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे दरपत्रकात, पाच वर्षांच्या आतल्या मालट्रकला मोठी शहरं सोडून बाकी भागात आयडीव्हीच्या १.७२६ टक्के दर होता आणि १२,००० किलोच्या वर दर १०० किलोला २७ रुपये जादा. आज दर कंपनीच्या मर्जीवर आहेत, पण गणिताचा सांगाडा अजून तोच आहे आणि त्यावर सूट मिळते. समजा सहा लाखांची बॉडी तुम्ही पॉलिसीत घालायला सांगितली. १.७२६ टक्क्यांनी १०,३५६ रुपये. सूट ६० टक्के मिळाली असं धरलं तर राहिले ४,१४२. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ४,९००. वर्षाचे. एवढ्या पैशांत एक टायरही येत नाही.

जीएसटीचं एक वेगळं सांगतो. मालगाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ओडीवर मात्र १८ टक्केच आहे. कोटेशनमध्ये सरसकट १८ लावलेला दिसला तर विचारा.

खर्च वाढतो तो दुसऱ्याच ठिकाणी. धोकादायक माल, खाणीतलं काम, गाडीवर बसवलेलं यंत्र अशा वापराला कंपनी सूट कमी करते किंवा काढूनच घेते. सूट ६० वरून २० टक्क्यांवर आली की ओडीचा हप्ता दुप्पट होतो.

कळवलं नाही, तर क्लेम पूर्ण बुडतो का?

नेहमी नाही. आणि 'काही होत नाही' असं सांगणाऱ्या एजंटचंही खरं मानू नका.

विमा कंपन्यांमध्ये 'नॉन-स्टँडर्ड' निकालाची, म्हणजे अट मोडली तरी क्लेम पूर्ण न नाकारता काही रक्कम कापून देण्याची, जुनी पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात ती निकालपत्रात उतरवून घेतली आणि तिच्याच आधारे भरपाई द्यायला लावली. तिचं गणित असं : गाडीची माल वाहण्याची क्षमता कमी सांगितली असेल तर तीन वर्षांच्या हप्त्यातला फरक किंवा क्लेमच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते कापायचं. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला असेल किंवा पॉलिसीची दुसरी एखादी अट मोडली असेल, तर देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायचं.

रुपयांत मांडतो. २८ टनी गाडी कागदावर १८.५ टनी दाखवून विमा काढला. थर्ड पार्टीतला वर्षाचा फरक ८,६३७, तीन वर्षांचा २५,९११. क्लेम आठ लाखांचा असेल तर त्याचे २५ टक्के दोन लाख होतात. जास्त असेल ते कापायचं, म्हणजे दोन लाख. वर्षाला साडेआठ हजार वाचवायला गेलेल्या माणसाला हा हिशेब सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

आता पूर्ण नकार कधी येतो ते. अपघातच त्या बदलामुळे झाला असेल, किंवा लपवलेली गोष्ट इतकी मोठी असेल की ती माहीत असती तर कंपनीने विमाच दिला नसता. लांबवलेली चेसिस वेल्डिंगच्या जोडावरच मोडली, तर वाद घालायला फार जागा राहत नाही. उलट नाक्यावर उभ्या ट्रकला मागून दुसऱ्याने ठोकलं आणि तुमच्या हौद्याला दोन फळ्या जादा होत्या, तर त्या फळ्यांचा अपघाताशी संबंध काय, हे तुम्ही ठासून विचारू शकता. मालगाडीत जादा माणसं होती म्हणून नाकारलेला क्लेम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, नागराजू यांच्या प्रकरणात, याच तर्काने द्यायला लावला होता : अट मोडली खरी, पण तिने अपघात घडवला का?

समोरच्या माणसाला तरी भरपाई मिळते ना?

मिळते. अपघातात मेलेल्या किंवा जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला तुमच्या फळ्यांशी कर्तव्य नसतं. न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. परमिट नसलेल्या गाडीच्या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं. तुमच्या पॉलिसीतही 'वसुलीचा हक्क' या अर्थाचं कलम छापलेलं आहे, सहसा बारीक टायपात.

म्हणजे पीडिताला न्याय आणि मालकाला नोटीस. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, त्यामुळे वसुलीलाही नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला व्यापारी गाड्यांसाठी साडेसात लाखांची मर्यादा असते. टोलनाक्याचं बूथ किंवा पेट्रोल पंपाचं छत पाडलंत तर वरची रक्कम खिशातून.

ऊस, कांदा, भुसा, कापूस यासाठी फळ्या उंच कराव्याच लागतात. हलका माल आहे, वजन कुठे वाढतं?

भुसा आणि कापसाच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. तिथे अडचण वजनाची नाही, उंचीची आणि तोलाची आहे. गुरुत्वमध्य वर गेला की खंबाटकीच्या वळणावर ट्रक आडवा व्हायला जोराचा वाराही पुरतो. हौद्याबाहेर माल काढला, बाजूंनी किंवा नेमून दिलेल्या उंचीच्या वर, तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे.

उसाचं तसं नाही. फळी उंच म्हणजे मोळ्या जास्त, आणि कारखान्याच्या काट्यावर वजन लेखी निघतं. ती काट्याची पावती तुमच्या विरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा असते. अपघात गव्हाणीकडे जाताना झाला असेल तर सर्व्हेयर आदल्या दिवसांच्या खेपांच्या पावत्यासुद्धा मागू शकतो. जादा मालाला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, हा दंड वेगळाच.

यात एक गोष्ट जुन्या मालकांच्याही लक्षात येत नाही. बॉडी जड केली की माल भरायची मुभा तेवढीच कमी होते. एकूण वजन १८,५०० किलोची गाडी, रिकामी ६,५०० भरते, म्हणजे माल १२,००० किलो. तुम्ही लोखंडी फाळके, जाड पत्रा आणि उंच फळ्या लावून रिकामं वजन ७,१०० केलंत. आता माल ११,४०० किलोच. पण बिल्टीवर नेहमीप्रमाणे बारा टन. ड्रायव्हरच्या मते गाडी पास आहे, काट्याच्या मते ६०० किलो ओव्हरलोड.

स्प्रिंगचे पाटे वाढवले आहेत. हे कोणाला दिसणार?

सर्व्हेयरला दिसतं. कंपनीच्या पाट्यांची संख्या मॉडेलनुसार माहीत असते आणि नव्या पाट्याचा गंज वेगळा असतो.

आणि पाटे वाढवून गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त ती वाकलेली दिसत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर तेच राहतात. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरचा मंजूर भार वाढवला, दोन अ‍ॅक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ टनांवर गेला. पण ती मंजुरी अधिसूचनेतून आली, गल्लीतल्या लोहाराच्या भात्यातून नाही. व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत 'ओव्हरलोडिंग किंवा ताणामुळे झालेलं नुकसान' स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. जादा भाराने अ‍ॅक्सल मोडला तर तो क्लेमच नाही. अ‍ॅक्सल मोडून गाडी उलटली, तर पुढच्या नुकसानीवर मात्र भांडता येतं.

एलईडी पट्ट्या, जादा दिवे, भोंगे, म्युझिक. याने विम्याला काय होतंय?

आग लागेपर्यंत काही नाही. वायरिंग कापून जोडलेल्या तारा, मध्ये फ्यूज नाही, रात्रभर जळणारे दिवे, आणि मग डॅशबोर्डमागून धूर. इलेक्ट्रिकल बिघाड स्वतःहून झाला तर तो पॉलिसीत वगळलेला आहे. आग मात्र पॉलिसीत आहे. या दोन वाक्यांच्या फटीत तुमचा क्लेम अडकतो, आणि जोडलेली तार त्या फटीत पाचर मारते.

मूळ किमतीत नसलेल्या विजेच्या वस्तूंचा विमा वेगळा काढता येतो. जुन्या टॅरिफप्रमाणे वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. चाळीस हजारांची साउंड सिस्टिम असेल तर १,६०० रुपये. आणि नुसती बॅटरी, स्टेपनी किंवा म्युझिक चोरीला गेलं तर व्यापारी पॉलिसी पैसे देत नाही. सोबत गाडीही चोरीला गेली पाहिजे! हा नियम ऐकून एक मालक म्हणाले होते, "म्हणजे चोराला सांगायचं का, पूर्णच ने म्हणून?"

आयएमटी-२३ म्हणजे काय? एजंट म्हणतो घ्या, घरचे म्हणतात नको.

घ्या. मालट्रकच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचं नुकसान भरून मिळत नाही, गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळतं. आता सांगा, ट्रकची टक्कर होते तेव्हा मोडतं काय? हेच. ओडी हप्त्यावर १५ टक्के भरले की हे भाग आत येतात, तेच आयएमटी-२३. तुम्ही बंपर आणि दिवे बाजारातले महागडे बसवले असतील, तर त्यांची किंमत आधी नोंदवा. नाहीतर कंपनी मूळ भागाचेच पैसे देईल, तेही घसारा कापून. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीला ५० टक्के, फायबरला ३० टक्के.

ट्रकवर क्रेन किंवा बोअरचं यंत्र बसवलं तर?

तो विम्याच्या भाषेत ट्रक राहत नाही, 'खास प्रकारचं वाहन' होतो. पॉलिसीचा वर्ग बदलतो. यंत्र म्हणून काम करताना गाडी उलटली तर ते नुकसान वगळलेलं असतं, जादा हप्ता भरून ते आत घेता येतं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून बोअरच्या गाड्या घेऊन येणारे लोक हे आवर्जून घेतात. आपल्याकडचे पुष्कळ जण घेत नाहीत. टिपरचा हौदा उचललेला असताना गाडी कलंडली तर यावरूनच वाद होतो, म्हणून टिपरवाल्यांनी 'उलटणे' या शब्दापुढे पॉलिसीत काय लिहिलंय ते विकत घेण्याआधी वाचावं.

पिकअपला सीएनजी किट बसवलं. पुढे?

किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारं केंद्र अधिकृत हवं आणि आरसीवर इंधनाचा रकाना बदललेला हवा. विम्यात किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये, असं टॅरिफचं गणित आहे. साठ हजारांच्या किटला २,४६०. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. गाडी जळाल्यावर त्या चाचणीचं सर्टिफिकेट पहिल्यांदा मागतात.

जुन्या टेम्पोचा फूड ट्रक केला आहे.

आरसीवर बदल नोंदवा आणि मगच पॉलिसीचा वर्ग बदलून घ्या. गाडीचा विमा गाडीपुरताच असतो. आतली भट्टी, फ्रीज, भांडी, गॅसचे सिलिंडर, आणि वडा खाऊन आजारी पडलेलं गिऱ्हाईक यातलं काहीच त्यात येत नाही. त्यासाठी दुकानदाराचा वेगळा विमा लागतो. माल वाहणारी गाडी म्हणून पॉलिसी, आत पेटलेली शेगडी, यावर कंपनी काय म्हणेल ते सांगायला नको.

हौद्यात फळ्या टाकून बसायची सोय केली. वऱ्हाड नेतो, तोडणीचे मजूर नेतो.

इथे मी नरमाईने बोलत नाही. मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांचा भार कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस मालासोबत असेल तर तो पॉलिसीत येतो. नवरदेवाचे मामा येत नाहीत. चाळीस माणसांचा ट्रक उलटला आणि दावे दाखल झाले, तर ते पैसे जमीन विकून भरायचे असतात. ड्रायव्हर, क्लीनर आणि हमालांसाठी मात्र माणशी पन्नास-पाऊणशे रुपयांच्या घरात जादा कव्हर मिळतं. तिथे काटकसर करू नका.

बदल कायदेशीर करायचा तर क्रम कसा?

गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्स कंपनीची लेखी संमती. मग आरटीओची मंजुरी. मग काम. मग तपासणी आणि आरसीवर नोंद. मग विमा कंपनीचं एंडोर्समेंट. बहुतेक लोक काम आधी करतात आणि बाकीचं 'बघू'वर टाकतात. बदल झाल्यावर आरटीओला कळवायला कायद्याने १४ दिवस दिलेले आहेत. कंपनीला ईमेल करा, फोनवर सांगू नका. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'ठीक आहे' असा अंगठा आला, तर तो पॉलिसीचा भाग होत नाही.

बॉडी बदललेला जुना ट्रक विकत घेतो आहे. काय बघू?

आरसी हातात घेऊन ट्रकभोवती फेरी मारा. चेसिस नंबर खरडून ठसा घ्या, व्हीलबेस टेपने मोजा, रिकामी गाडी काट्यावर घाला. काट्याचे दोनेकशे रुपये जातील. आरसीतल्या रिकाम्या वजनापेक्षा चारपाचशे किलो जास्त निघाले तर हौदा बदललेला आहे आणि तो कोणी नोंदवलेला नाही. किंमत पाडून घ्या किंवा नोंद करून मागा.

थर्ड पार्टी विमा गाडीसोबत नव्या मालकाकडे जातो. ओडीचं तसं नाही, तो १४ दिवसांत अर्ज करून नावावर करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहतो.

कंपनी विमाच द्यायला तयार नाही.

ओडी नाकारायचा हक्क तिला आहे. नुसता थर्ड पार्टी घेऊन गाडी रस्त्यावर ठेवता येते, आणि तेवढा तर घ्यावाच लागतो. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दुसऱ्या कंपनीकडे जाताना पहिलीने नाकारलं हे लपवू नका, प्रस्तावाच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो. तपासणीसाठी गाडी धुऊन न्या आणि बदलाचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून न्या.

क्लेम कापला किंवा नाकारला. दाद कुठे मागायची?

आधी नकाराचं पत्र मागा, कारण आणि पॉलिसीतलं कलम लिहिलेलं. नुकसान ५०,००० रुपयांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल असतोच, त्याची प्रत मागा. 'बदल केला म्हणून' एवढंच लिहिलं असेल तर बदलाचा अपघाताशी संबंध कसा, हे लेखी विचारा. पुष्कळ फायली या एका पत्रावर ७५ टक्क्यांपर्यंत येतात.

कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार कायम ठेवला, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. स्वतःच्या नावावर एकदोन गाड्या असलेला मालक तिथे जाऊ शकतो, मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी नाही. शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, पण एका प्रकरणासाठी दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत.

तोपर्यंत गाडी भंगारात घालू नका आणि मोडलेले भाग गॅरेजवाल्याला विकू नका. पुन्हा तपासणी लागली तर वेल्डिंगचा तो जोड दाखवायला जागेवर हवा.